मणी चालला

२ जानेवारी १९८९, धुळे

डॉक्टर म्हणाले, "भंगाळे सर, रक्तदाब वाढलाय. राग गिळू नका, कुठेतरी ओकून टाका." कुठे ओकू? घरी बायको, सुमन, ऐकून घेत नाही, कॉलेजात प्राचार्य ऐकून घेत नाहीत, आणि वर्गातली पोरं तर एकमेकांचंही ऐकत नाहीत. एका बियाणे कंपनीने फुकट दिलेली ही डायरी पडून होती. तर घ्या, ओकतो.

मी लीलाधर तोताराम भंगाळे. मूळ गाव यावल तालुक्यात, नोकरी धुळ्यात, विषय वनस्पतिशास्त्र. वर्षानुवर्षं पोरांना देठाचे आडवे छेद शिकवतोय. माझ्यामागून आलेले पुढे गेले, कारण त्यांना प्राचार्यांच्या पुतणीच्या लग्नात वाढपी व्हायला लाज वाटली नाही. मला वाटली. असो.

पण या वर्षी बघाच म्हणावं. प्रत्येक जिवंत पेशीच्या आत दोरे असतात, आणि त्या दोऱ्यांवरून माल वाहणारी प्रथिनं असतात. अक्षरशः हमाल. एक पाय उचलतात, पुढे टाकतात, पाठीवर बोजा. अमेरिकेत दोघांनी स्नायूतलं मायोसिन नावाचं असं प्रथिन काढलं, सूक्ष्म मण्यांना चोपडलं आणि ते मणी एका पाणवनस्पतीच्या पेशीतल्या दोऱ्यांवर ठेवले. मणी चालू लागले! मी पुण्याच्या ग्रंथालयात हे वाचलं आणि खुर्चीतून उठून उभाच राहिलो. मण्याच्या जागी औषधाचा कण ठेवा. तिकडे त्यांना नॅनोपार्टिकल म्हणतात. रक्तातून औषध कुठेही पोचवता येतं, पण पेशीच्या आत गेल्यावर ते नेमक्या जागी कोण नेणार? तिथले हमाल नेतील. हे धुळ्यात बसून मला सुचलं. दिल्लीच्या समितीकडे प्रकल्प पाठवलाय. ते लोक एप्रिलमध्ये प्रयोग बघायला येणार म्हणतात. होकार मिळाला तर स्वतंत्र प्रयोगशाळा, तासांतून सुटका. नाही मिळाला तर निवृत्तीपर्यंत देठाचे आडवे छेद.

९ जानेवारी

उखर्डू नकाणे तलावातून बादलीभर कारा घेऊन आला. कारा म्हणजे शेवाळाचाच एक प्रकार, पण त्याची एकेक पेशी बोटभर लांब असते. सूक्ष्मदर्शकाखाली धरली की आतला रस एका बाजूने वर जाताना आणि दुसऱ्या बाजूने खाली येताना दिसतो, न थांबता. इतकी वर्षं बघतोय, तरी अजून छातीत धडधडतं.

उखर्डू आमच्या प्रयोगशाळेचा परिचर. माणूस कामाचा, पण अजून हंगामीच. दर उन्हाळ्यात त्याला घरी बसवतात आणि जूनमध्ये परत घेतात. आज त्याला म्हटलं, बघ जरा. एक डोळा घट्ट मिटून त्याने बघितलं आणि ओरडला, "साहेब, हाई तं बजार शे! बठ्ठा एकच बाजूले चाली राहिनात!"

मी त्याला सांगितलं, प्रकल्प मिळाला की त्यात परिचराची कायम जागा आहे आणि ती तुझी. त्याने माझे पाय धरले. मला असलं आवडत नाही. पण आज मी पाय मागे घेतले नाहीत, हेही लिहून ठेवतो.

१७ जानेवारी

अडचण अशी की प्रथिन स्नायूतून काढायचं. स्नायू म्हणजे मटण. आमच्या सात पिढ्यांत कोणी अंडं फोडलेलं नाही. आमचे वडील, नाना, माळकरी. सुमनला नुसतं सांगितलं, तर तिने पाण्याचा तांब्या अंगणात नेऊन ठेवला. म्हणाली, "यापुढे आधी हातपाय धुवायचे, मगच उंबरा."

प्राणिशास्त्राच्या प्रमिलाबाईंना कुठून तरी कळलं. या बाई माझ्याच वयाच्या, बेडूक कापण्यात हातखंडा. मधल्या सुट्टीत आल्या आणि म्हणाल्या, "सर, मटणाचं माझ्याकडे द्या. मी स्वच्छ प्रथिन काढून देते, तुम्ही शेवाळाचं बघा." किती गोड! म्हणजे निबंधावर नाव दोघांचं. मी म्हटलं, "आभारी आहे, आमच्या विभागात माणसं आहेत." जाता जाता विचारतात, "प्रथिन न लावलेले कोरे मणी सोडून बघणार ना आधी?" जसं काही मी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी! कोऱ्या मण्यांना पाय असतात का? ते कशाला चालतील?

उखर्डूला नीट समजावलं. पहाटे ताजं मटण घ्यायचं, कॉलेज उघडेपर्यंत घरी ठेवायचं, मग मागच्या कडुनिंबाखाली बसून बारीक करायचं आणि फडक्यात बांधून आत द्यायचं. एकच अट घातली, मटण खराब होता कामा नये, काहीही कर, पण ते टिकलं पाहिजे.

"कसाले काळजी करतस साहेब?" तो म्हणाला. "मन्ही घरवाली शे ना. ती बराबर करी ठेवी."

२० जानेवारी

केलं बुवा एकदाचं. नाकाला कापूर घातलेला रुमाल बांधला, हातात रबरी मोजे घातले. उखर्डूने फडकं दिलं ते मी चिमट्यानेच धरलं आणि थंडगार मिठाच्या पाण्यात सोडलं. बघवत नव्हतं, बघितलंही नाही. ढवळून, गाळून वरचं पाणी घेतलं.

मला वाटायचं, मांसाचं पाणी लाल असेल. ते पिवळसर असतं. पुस्तकात कुठे रंग दिलेला नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांना या गोष्टी महत्त्वाच्या वाटत नसाव्यात.

२९ जानेवारी

मणी म्हणजे लॅटेक्सचे. ओळखीच्या पॅथॉलॉजीवाल्याकडून मागून आणलेत, सांधेवाताच्या तपासणीसाठी वापरतात तेच, त्यांची मुदत संपलेली. दुधासारखं पांढरं पाणी, त्यात लाखो मणी. प्रथिनात भिजवून धुतले, परत धुतले. रंग गेला नाही. मणी पिवळे झाले! म्हणजे प्रथिन पक्कं चिकटलं. कुठलंही महागडं यंत्र न वापरता नुसत्या डोळ्यांनी खात्री. ही माझी पद्धत. अमेरिकेतल्या त्या दोघांनाही हे सुचलेलं नाही.

मग काराची पेशी थोडी कोमेजू दिली, म्हणजे टोचल्यावर पिचकारी उडत नाही. तापवून ओढलेल्या काचेच्या नळीने मण्यांचा थेंब आत सोडला. पहिल्या पेशी फुटल्या. मग एक टिकली. मी डोळा लावला.

मणी चालला.

एका कडेने सरळ वर गेला, टोकाला वळला, दुसऱ्या कडेने खाली आला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. मी उखर्डूला मिठी मारली. हो, मारली! त्याच्या अंगाला मटणाचा वास येत असणार, पण नाकावर रुमाल होता. तो हसत होता आणि रडत होता. खरं सांगायचं तर मीही रडत होतो. असा आनंद मला लग्नात झाला नव्हता. हे पान सुमनच्या हाती लागू नये.

५ फेब्रुवारी

सुमन अंगणात सदरा घासत बसली होती. म्हणाली, "अहो, हा पिवळा डाग बघा. साबण लावला तर लाल झाला. वरण सांडलं होतं का?"

"प्रयोगशाळेतलं रसायन आहे ते," मी म्हटलं.

"मग आमच्या वरणाच्या डागासारखं कसं करतं?"

बायकांना जगात वरणाशिवाय काही दिसत नाही. मी पेपर वाचत बसलो.

१२ फेब्रुवारी, यावल

नानांना भेटायला आलो. केळीची बाग भावाने चांगली राखलीय. नाना ओसरीवर बसले होते, उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली. त्या रोगाचं नाव आमच्या घरात कोणी घेत नाही, "वात" म्हणतात. गोळ्या घेतल्या, रोग गेला, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. पण नस मेली ती मेलीच.

वहिनीने चहाचं पातेलं ठेवलं, नानांनी त्याला तळहात टेकला आणि तसाच ठेवला. मीच ओढून काढला. कातडी लाल झाली होती. "मले काई लागत नई रे भो," ते हसून म्हणाले. "जळलं तरी लागत नई."

हातातल्या नसेतली एकेक पेशी हातभर लांब असते. तिच्यातही हमाल असतात, चार वर्षांपूर्वी त्यातला एक सापडला. औषध जर त्यांच्या पाठीवर देता आलं असतं, वेळेवर, आत, अगदी टोकापर्यंत, तर? हे मी समितीच्या अर्जात लिहिलं नाही. भंगाळेंच्या घरात तो रोग होता हे दिल्लीपर्यंत कळवायची गरज नाही.

निघताना नाना म्हणाले, "तुह्यं ते औषध कधी निघीन?" मी म्हटलं, "निघेल." ते म्हणाले, "माह्यासाठी नको करू. मले आता सवय झाली."

एस.टी.त बसल्यावर मला भयंकर राग आला. कोणाचा, ते कळलं नाही.

१ मार्च

पत्र आलं! समिती १२ एप्रिलला येणार. प्राचार्यांनी मला स्वतः खुर्ची दिली. उद्या हेच म्हणतील की कल्पना त्यांची होती.

प्रमिलाबाई अभिनंदन करायला आल्या आणि परत तेच. "सर, कोरे मणी सोडून बघितले का? आतला रस वाहतोच आहे. त्यात मणी चालतोय की नुसता वाहतोय, हे कसं ओळखणार? पेशी उभी चिरून, रस धुऊन, नुसत्या दोऱ्यांवर ठेवायला हवा ना मणी?"

मी म्हटलं, "बाई, चिरल्यावर पेशी मरते. मला जिवंत पेशीत न्यायचंय. पेशंटला उभा चिरून औषध देणार का?"

उत्तर बिनतोड होतं. बाई हळूच म्हणाल्या, "मटण एकदा तरी स्वतः बघा, सर. तो रंग मला बरोबर वाटत नाही." आता हे मात्र सरळ जातीवर जाणं झालं. माळकऱ्याच्या पोराने मटणावर काम करावं, हे त्यांना बघवत नाही. मी त्यांना दार दाखवलं. खरंच दाखवलं, हात करून. वरांड्यातून पोरं बघत होती.

२३ मार्च

ऊन पेटलंय. काराच्या बादल्या ओल्या वाळूत ठेवल्या, वर ओलं गोणपाट टाकलं, तरी निम्मं शेवाळ गेलं. उखर्डू भल्या सकाळी सायकलवर बर्फाची लादी आणतो. निम्मी रस्त्यातच वितळते.

एक नवीन गोष्ट मात्र लक्षात आली. उष्मा वाढतोय तसा प्रथिनाचा पिवळा रंग गडद होतोय! जानेवारीत फिकट होता, आता चक्क सोनेरी आहे. तापमान आणि रंग यांचा आलेख काढला, जवळजवळ सरळ रेघ आली. म्हणजे उष्णतेने प्रथिनाच्या रचनेत काहीतरी बदल होत असणार. हा वेगळाच निबंध होईल. खानदेशच्या उन्हाचा कोणाला तरी उपयोग झाला म्हणायचा! पुण्या-मुंबईच्या गार खोल्यांत हे कसं दिसलं असतं?

उखर्डूला आलेख दाखवला. त्याला काय कळणार, पण मान हलवून म्हणाला, "हाव साहेब, उन्हाया लागना ना." त्याच्या बायकोने माझ्यासाठी ठेचा पाठवला होता. पुष्पाबाई तिचं नाव. पहाटे उठून ती मटणाचं सगळं बघते म्हणे. प्रकल्प मिळाला की तिला एक लुगडं घेऊन द्यायचं मनात आहे.

११ एप्रिल

उद्या. दोन चांगल्या पेशी निवडून ठेवल्यात. आलेख मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावला. उखर्डूने नवा सदरा शिवलाय. उद्यासाठी मी त्याला सांगितलं, आज सगळ्यात जास्त काळजी घे.

१२ एप्रिल

काही लिहिणार नाही.

१५ एप्रिल

लिहितो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून लिहितो.

तिघं आले. प्रमुख एक वयस्क बाई, पुण्याच्या, आयुष्यभर प्रथिनांवर काम केलेल्या. सोबत दोन तरुण, पांढरे बूट घातलेले. प्राचार्य, सगळे प्राध्यापक, दारात प्रमिलाबाई. कोपऱ्यात नव्या सदऱ्यात उखर्डू.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मणी चालत होता. अगदी डौलात. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुंदर. या गावात, या सामग्रीवर तुम्ही पेशी इतक्या छान टिकवल्यात, कौतुक आहे." हे त्या म्हणाल्या. सगळ्यांनी ऐकलंय. मला वाटलं, झालं. मिळालं.

मग त्यांनी विचारलं, "कोरे मणी सोडून बघितले असतीलच?" मी म्हटलं, "त्याची गरज पडली नाही, मॅडम. मण्यावर प्रथिन आहे हे रंगावरूनच दिसतं." आणि मी त्यांना भिंतीवरच्या आलेखाकडे नेलं. मी! स्वतः! छडी घेऊन!

त्या आलेखाकडे बघत राहिल्या. "मायोसिनला रंग नसतो, भंगाळे," म्हणाल्या. मी म्हटलं, "उष्ण प्रदेशात असतो." त्यांनी प्रथिनाची नळी उचलली, बूच काढलं, हुंगली. मग चेहरा वळवून विचारलं, "इथे कोणाकडे चुना असेल का? तंबाखूचा?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. प्राध्यापकांपैकी निम्मे तंबाखू खातात, पण कोण कबूल होणार? उखर्डू मात्र पुढे झाला. काही मदत करायला मिळतेय म्हणून हसत पुढे झाला. खिशातून डबी काढली, झाकण उघडलं आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली. बाईंनी काडीच्या टोकाने चुना घेतला, नळीत ढवळला.

लाल झालं. कुंकवासारखं लाल.

"हळद आहे ही," बाई म्हणाल्या.

त्या हसल्या नाहीत. ते दोन पांढरे बूटवाले हसले. मग प्राचार्य हसले, मग सगळेच. एक प्रमिलाबाई तेवढ्या खाली बघत होत्या. बाईंनी मला विचारलं, अगदी साधेपणाने विचारलं, "तुम्ही कच्चं मटण कधी बघितलंयत का?"



सगळे गेल्यावर कडुनिंबाखाली उखर्डूला गाठलं. त्याची कॉलर धरली. "तुला मी सांगितलं होतं हळद लाव म्हणून?"

त्याला अजून काही कळलंच नव्हतं. "साहेब, तुम्हीनच सांगं व्हतं ना, खराब व्हवाले नको. मंग हयद-मीठ लावाबिगर मटण टिकी का? आम्हना घर तसंच ठेवतस. ऊन वाढनं, मंग मी घरवालीले सांगं, जराखी जास्ती लाव."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही तं तिकडे देखतबी नव्हतात, साहेब."

मी त्याला ढकललं. तो पडला नाही, झाडाला टेकला. नव्या सदऱ्याला झाडाचा डिंक लागला.

२२ एप्रिल

समितीचा नकार आला. एकच ओळ. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "कॉलेजची शोभा झाली. लेखी स्पष्टीकरण द्या." मी दिलं. काय खोटं लिहिलं? 'परिचराने मला न सांगता नमुन्यात परस्पर हळद मिसळली, त्यामुळे प्रयोग दूषित झाला.' शब्द न् शब्द खरा आहे. हळद त्यानेच लावून घेतली ना? मी तर लावली नाही!

प्राचार्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हंगामी आहे, या जूनला परत घेणार नाही. विषय संपला." माझ्यावर काही आलं नाही. मी म्हटलं, बरं.

उखर्डू मला भेटायला आला नाही. उगाच कशाला येईल म्हणा. प्रमिलाबाई वरांड्यात भेटल्या आणि नमस्कार न करता निघून गेल्या. आता त्यांचा काय संबंध?

२ मे

मी सोडणार नाही. सुट्टी लागली, कॉलेज ओस पडलं, बरं झालं. प्रयोग खोटा नव्हता, मटण खोटं होतं. शुद्ध प्रथिन काढून दाखवतो आणि पुण्याच्या बाईंना लिहितो, या परत.

६ मे

पहाटे स्वतः गेलो. डोक्याला उपरणं गुंडाळलं होतं, तरी खाटकाने ओळखलं. "भंगाळे सर? तुम्ही?" म्हणाला. मी म्हटलं, "कॉलेजसाठी." पहिल्यांदा डोळे उघडून बघितलं. लाल होतं. चांगलं लालभडक, ओलं. दुकानाच्या मागे जाऊन ओकलो. मग परत आलो आणि घेतलं. बर्फात घातलं, रुमाल न बांधता स्वतः बारीक केलं. संध्याकाळपर्यंत स्वच्छ, बिनरंगी प्रथिन हाती आलं. मण्यांना लावलं. नकाण्याहून आणलेलं शेवटचं जिवंत शेवाळ बादलीच्या तळाला होतं, त्यातली पेशी घेतली.

मणी चालला! तसाच! त्याच डौलात! हळद नसताना! आता बोला म्हणावं. रिकाम्या प्रयोगशाळेत मी टाळ्या वाजवल्या. पुण्याला पत्र लिहायला घेतलं.

९ मे

पत्र लिहिताना वाटलं, त्या बाई कोऱ्या मण्यांचं परत विचारणार. त्यांचं तोंड आधीच बंद केलेलं बरं. म्हणून आज बाटलीतले तसेच मणी घेतले, काहीही न लावलेले. पेशीत सोडले आणि लिहायला वही घेऊन बसलो, की 'कोरे मणी जागचे हलले नाहीत'. वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं.

कोरा मणी चालला.

दुसरी पेशी घेतली. चालला. मग प्रथिन उकळून पार मारून लावलं. चालला. खडूची पूड कालवून एक थेंब सोडला. खडूही चालला, तसाच डौलात, टोकाला वळून परत आला. आतला रस वाहतोय, त्यात पडेल ते वाहतं. पुरात ओंडका वाहावा तसं. पाय कोणालाच नाहीत. मी जानेवारीपासून ओंडका बघून म्हणतोय, बघा कसा पोहतो.

म्हणजे हळद असती काय, नसती काय, काही फरक पडणार नव्हता. बाईंनी चुना मागितला नसता, तरी प्रकल्प मिळायला नकोच होता. प्रमिलाबाई हे जानेवारीत बोलल्या होत्या. मी त्यांना दार दाखवलं.

पाठवायचं पत्र फाडलं. उखर्डूच्या माथी मी काय मारलंय, ते आज मला कळलं. प्राचार्यांना काय लिहून दिलंय, तेही. सोमवारी जाऊन त्यांना सांगायचं, माझं स्पष्टीकरण परत घेतो, चूक माझी, परिचराची नाही. आणि त्याआधी उखर्डूला सांगायचं. हे मी इथे लिहून ठेवतोय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

१४ मे

गेलो होतो. त्याचं घर पांझरेच्या काठाला, पत्र्याचं. उखर्डू आता लग्नांच्या पंगतीला पाणी वाढायला जातो. खंगलाय. मला बघून दचकला, मग खाट झटकली, त्याच्यावर गोधडी टाकली. पुष्पाबाई दाराआडून बघत होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी तं चांगली घरनी हयद लावेल व्हती, साहेब. बजारनी नही."

मी म्हटलं, "माहीत आहे हो."

सगळी वाक्यं मनात जुळवून गेलो होतो. पहिलं वाक्य म्हणणार, तेवढ्यात उखर्डूच पुढे सरकून बसला. आवाज खाली करून म्हणाला, "साहेब, मी आयकं, तुम्हीन परत करी देखं. सोता मटण आनं."

"हो."

"हयद नव्हती ना?"

"नव्हती."

"मंग मणी चालना का?"

त्याचे डोळे असे होते, जणू त्याच्याच घरचं कोणी आजारी आहे आणि तो डॉक्टरांना विचारतोय. मी सांगायला तोंड उघडलं. सांगायचं होतं की चालला, पण कोराही चालला, उकळलेलाही चालला, खडूही चालला.

"चालला," मी म्हटलं.

उखर्डूने दोन्ही हात मांडीवर आपटले. चेहरा फुलला. बायकोकडे वळून ओरडला, "आयकं का व? चालना! साहेबना मणी चालना!" मग हळूहळू त्याचा आवाज उतरला. मान हलवत राहिला. "देखा साहेब. म्हनजे मन्हीच चूक व्हती. मन्हामुये तुम्हनं गयं बठ्ठं. माले तं लोके सांगत व्हतात, साहेबनी तुले उगाच काढं. मी सांगं, नही रे भाऊ, साहेब असा माणूस नही."

तो माझ्याकडे बघत होता. पुष्पाबाईने चहा आणला, कप बशीत ठेवून आधी मला दिला. साखर जास्त होती. मी सगळा प्यालो आणि सायकल काढून घरी आलो.

सोमवारी प्राचार्यांकडे जायचं ठरलं होतं. सोमवार उद्या आहे. आता उखर्डू स्वतःच चूक मान्य करतोय, तर त्यांना तरी काय सांगणार?